परवाना मुक्त, वाट मात्र अडलेली

अर्धापूर आणि मुदखेड पट्ट्यातील केळी खोक्यांत भरून, शीतकंटेनरमधून न्हावाशेवा बंदराकडे आणि तेथून आखाती देशांकडे जाते. भारतीय केळीच्या मोठ्या परदेशी ग्राहकांत इराक आणि इराण यांची गणना होते. यातला इराणचा व्यवहार चमत्कारिक आहे. अमेरिकेने इराणवर घातलेल्या निर्बंधांतून शेतमालाला सवलत आहे. म्हणजे कागदावर केळीला कोणतीही आडकाठी नाही. तरीही इराणकडून पैसे येण्याचा मार्ग वारंवार अडखळत आला, कारण डॉलरच्या व्यवहारांशी बांधलेल्या बँका धास्तावून हात आखडता घेतात. २०१२ नंतर काही वर्षे युको बँकेमार्फत रुपयांत देवघेवीची व्यवस्था चालली, तीही भारताने इराणी तेलाची खरेदी थांबवल्यावर २०१९ पासून आटत गेली. मालावर बंदी नाही, पण माल ज्या वाटेने जातो ती वाट दुसऱ्याच्या ताब्यात, अशी ही स्थिती.

हीच स्थिती गेल्या काही वर्षांत एका वेगळ्याच वस्तूच्या वाट्याला आली आहे. तिला कंटेनर लागत नाही, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र लागत नाही आणि ती नासतही नाही. ती वस्तू म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर. केळीच्या बागेच्या वाटणीचा दावा लावण्यासाठी शेतकरी ज्या जिल्हा न्यायालयाची पायरी चढतो, तेथील संगणकांवरही ती असते. ई-न्यायालय प्रकल्पात देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी उबुंटू ही लिनक्सवर आधारलेली मुक्त प्रणाली स्वीकारण्यात आली आणि खटल्यांची नोंद ठेवणारी आज्ञावली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयाने मुक्त साधनांवरच उभी केली. तारीख कोणती पडली हे नांदेडच्या पक्षकाराला आज भ्रमणध्वनीवर कळते, ते या व्यवस्थेमुळे. उबुंटू तयार करणारी कंपनी ब्रिटनमधील, लिनक्सचा जनक फिनलंडचा आणि आता अमेरिकावासी, त्यात भर घालणारे हजारो हात जगभर पसरलेले. मग ही वस्तू किती सीमा ओलांडून नांदेडला आली, आणि त्यांपैकी एखादी सीमा उद्या बंद झाली तर काय होईल, हा प्रश्न काल्पनिक उरलेला नाही.

त्यासाठी आधी ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ नीट पाहायला हवा. मराठीत हा शब्द ‘फुकट’ याच्या जवळ जाऊन बसतो आणि गैरसमज वाढवतो. मुक्त सॉफ्टवेअर विकतही मिळू शकते. मुक्तता आहे ती वापराची, आतील मूळ आज्ञा वाचण्याची, त्यात बदल करण्याची आणि मूळ वा बदललेली प्रत इतरांना देण्याची. लेखक आपला स्वामित्वहक्क सोडत नाही. त्या हक्काच्याच बळावर तो परवाना लिहितो आणि त्यात या चार मोकळिकी देऊन टाकतो. कोणाला? सर्वांना. कोणत्याही व्यक्तीविरुद्ध, गटाविरुद्ध वा कामाच्या क्षेत्राविरुद्ध भेदभाव करणारा परवाना मुक्त मानला जात नाही, हा या चळवळीचा पायाभूत नियम आहे. शाळेने वापरावे आणि शस्त्रकारखान्याने वापरू नये, असेही परवान्यात लिहिता येत नाही. हा नियम पुष्कळांना पचत नाही, पण तो आहे.

आणि राज्यसंस्थेचा निर्यातविषयक कायदा नेमके उलटे करतो. तो देश पाहतो, व्यक्ती पाहतो, अंतिम वापर पाहतो. अमेरिकी निर्यात नियमावलीच्या दृष्टीने सॉफ्टवेअर परदेशी पाठवण्यासाठी जहाज लागत नाही. परदेशातून उतरवून घेता येईल अशा ठिकाणी ते ठेवणे पुरेसे ठरू शकते. एवढेच नव्हे, तर नियंत्रित आज्ञावलीचा मूळ मजकूर अमेरिकेतच बसलेल्या परदेशी नागरिकाला दाखवणे हीसुद्धा निर्यातच समजली जाते. कॅलिफोर्नियातील एका टेबलाशी बसलेल्या पुण्याच्या अभियंत्याने शेजारच्या पडद्याकडे पाहिले, तर कायद्याच्या भाषेत तो मजकूर भारतात पोचला!

सर्वांना द्या म्हणणारा परवाना आणि अमक्याला देऊ नका म्हणणारा कायदा यांची गाठ पडल्यावर काय करायचे? मुक्त सॉफ्टवेअर चळवळीने यावर दिलेले उत्तर वरवर पाहता शब्दच्छल वाटते. कायदा रद्द करण्याची ताकद आज्ञावली लिहिणाऱ्याकडे नाही, तो त्याला लागू होणारच. मात्र त्या कायद्याचे बंधन त्याने आपल्या परवान्याची अट म्हणून लिहिता कामा नये, असे हे उत्तर. फार तर ‘आपापल्या देशाचे कायदे पाहा’ अशी आठवण द्यावी. मनाई सरकारची राहू द्यावी, परवान्याची होऊ देऊ नये.

हा भेद किती मोलाचा आहे ते कांद्याच्या उदाहरणाने कळते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी घातली आणि मे २०२४ मध्ये उठवली. त्या पाच महिन्यांत बंदी सीमाशुल्क खात्याच्या नाक्यावर होती. लासलगावच्या शेतकऱ्याने व्यापाऱ्याला दिलेल्या पावतीवर ‘हा कांदा परदेशी माणसाने खाऊ नये’ असे लिहिलेले नव्हते. म्हणून सरकारने आदेश मागे घेतला त्या दिवशी बंदी संपली. ती जर पावतीवर लिहिलेली असती, तर कांदा जेथे जाईल तेथे बंदीही गेली असती आणि सरकार बदलले, धोरण बदलले तरी पावतीवरील अट तशीच चिकटून राहिली असती.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे अधिक गंभीर होते, कारण त्याची प्रत एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते. अमेरिकी कायद्याची मनाई परवान्यात कलम म्हणून शिरली, तर नांदेडच्या महाविद्यालयाने लातूरच्या महाविद्यालयाला प्रत देतानाही ती लागू होईल. ज्या कायद्याच्या मंडळाला भारतीय मतदाराने निवडून दिलेले नाही, त्याचा हुकूम स्वामित्वहक्काच्या खटल्याच्या रूपाने भारतीय न्यायालयात उभा राहू शकेल. परवाना स्वच्छ राहिला, तर परक्या कायद्याची धाव मात्र त्या देशाच्या अधिकारकक्षेपाशी थांबते. त्याबाहेर असलेली प्रत त्याबाहेरच्या कायद्यानुसार जगते.

लिनक्सच्या गाभ्याला लागू असलेला जीपीएल परवाना तर याहून एक पाऊल पुढे जातो. प्रत देणाऱ्याने घेणाऱ्यावर परवान्यापलीकडील कोणतीही नवी बंधने लादू नयेत, असे त्यात बजावले आहे. न्यायालयाच्या आदेशामुळे वा अन्य कारणाने एखाद्यावर अशी बंधने आली की, परवान्याच्या अटी पाळून प्रत देणे त्याला शक्यच नाही, तर त्याने प्रत मुळीच देऊ नये. अर्धीमुर्धी मोकळीक देण्याची सोय नाही. देवघेव थांबली तरी चालेल, पण आखडलेली मोकळीक पुढे सरकता कामा नये, असा हा बाणा आहे. टोकाचा वाटला तरी त्यामागे दूरदृष्टी होती, हे नंतरच्या घटनांनी दाखवले.

या परवान्याची दुसरी आवृत्ती निघाली ते १९९१ साल मोठे विलक्षण. त्याच वर्षी लायनस टोरवाल्ड्सने लिनक्सची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ महासंगणक सिद्ध केला. भारताने दारे उघडली तीही त्याच वर्षी. आणि त्याच वर्षी अमेरिकेत फिल झिमरमन या अभियंत्याने पीजीपी नावाची एक आज्ञावली लोकांना देऊन टाकली. पत्रातील मजकूर किल्लीवाचून कोणालाही वाचता येऊ नये असा बदलणारी, म्हणजे कूटलेखन करणारी ही आज्ञावली होती. कूटलेखन तेव्हा अमेरिकी कायद्यात युद्धसामग्रीच्या यादीत, तोफा आणि दारूगोळ्याच्या पंक्तीत बसलेले होते. पीजीपी महाजालावरून देशाबाहेर गेली आणि झिमरमन यांच्यामागे १९९३ पासून फौजदारी चौकशी लागली. ती १९९६ च्या जानेवारीत आरोपपत्र दाखल न होताच संपली.

मधल्या काळात जे घडले ते कायद्याला हसू आणणारे होते. छापील पुस्तकाच्या निर्यातीला मनाई नव्हती. तेव्हा पीजीपीचा संपूर्ण मूळ मजकूर एमआयटीच्या प्रकाशनसंस्थेने १९९५ मध्ये पुस्तकरूपाने छापला. पुढच्या आवृत्तीचे छापील खंड तर रीतसर युरोपात पाठवण्यात आले आणि तेथील स्वयंसेवकांनी १९९७ मध्ये पानामागून पान यंत्राने वाचून ते पुन्हा संगणकात उतरवले. तोच मजकूर चकतीवर असला तर शस्त्र, कागदावर असला तर साहित्य! डॅनियल बर्नस्टाईन या गणिताच्या विद्यार्थ्याने हाच विरोधाभास न्यायालयात नेला. आज्ञावलीचा मूळ मजकूर ही अभिव्यक्ती आहे, असे अपील न्यायालयाच्या खंडपीठाने १९९९ मध्ये मान्य केले. तो निकाल फेरसुनावणीसाठी बाजूला ठेवला गेला, पण तोवर सरकारचीच भूमिका ढिली पडू लागली होती.

भारतातील ग्राहकाला या बंदीची झळ नकळत लागत होती. नेटस्केपसारख्या न्याहाळकांची अमेरिकेबाहेरची आवृत्ती चाळीस बिटांच्या दुबळ्या किल्लीची असे, तर अमेरिकी ग्राहकाला एकशे अठ्ठावीस बिटांची मिळे. आपल्याकडेही याची दुसरी गंमत होतीच. महाजाल सेवा पुरवणाऱ्यांच्या सरकारी परवान्यात चाळीस बिटांपलीकडच्या कूटलेखनासाठी परवानगीची अट होती आणि रिझर्व्ह बँक २००१ मध्ये महाजालावरील बँकव्यवहारासाठी किमान एकशे अठ्ठावीस बिटांचा आग्रह धरत होती. एका खात्याने ज्याला मनाई केली ते दुसऱ्याने सक्तीचे केले.

या काळात मुक्त सॉफ्टवेअरने आपली घडणच बदलली. ओपनबीएसडी या प्रणालीचे काम कॅनडातून चाले आणि तिच्या प्रवर्तकांना त्याचा उघड अभिमान होता, कारण तेथील कायदा अमेरिकेइतका कडक नव्हता. डेबियन या लिनक्स वितरणाने कूटलेखनाचे भाग अमेरिकेबाहेरच्या स्वतंत्र साठ्यात ठेवले होते. जानेवारी २००० मध्ये अमेरिकेने नियम सैल केले. ज्याचा मूळ मजकूर सर्वांना खुला आहे त्या कूटलेखनाची निर्यात मोकळी झाली. फक्त तो कोठे ठेवला आहे हे सरकारला कळवायचे. मार्च २०२१ मध्ये प्रमाणित पद्धतीच्या कूटलेखनासाठी हे कळवण्याचे बंधनही गेले. आज सर्वांसाठी प्रसिद्ध केलेले सॉफ्टवेअर बव्हंशी अमेरिकी निर्यात नियमावलीच्या कक्षेबाहेरच राहते. गुपित नसलेल्या गोष्टीचे रक्षण करता येत नाही, हे तेथील नोकरशाहीला उमगायला एक दशक लागले एवढेच.

म्हणजे प्रश्न सुटला असे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना वाटले असल्यास नवल नव्हते. पण निर्यात नियंत्रणाला एक भावंड आहे, त्याचे नाव आर्थिक निर्बंध. पहिला कायदा विचारतो, काय पाठवता? दुसरा विचारतो, कोणाशी व्यवहार करता? वस्तू निर्धोक असली तरी सेवा, करार, सहकार्य हे सारे दुसऱ्याच्या कक्षेत येते. केळीचे पैसे जेथे अडतात ते ठिकाण हेच.

जानेवारी २०१० मध्ये सोर्सफोर्ज या तेव्हाच्या प्रमुख साठवण सेवेने इराण, क्युबा, सीरिया, सुदान आणि उत्तर कोरियातील वाचकांना दार बंद केले. जुलै २०१९ मध्ये गिटहबने इराण, सीरिया व क्रायमियातील विकासकांच्या खात्यांवर मर्यादा आणल्या. ज्यांच्या आज्ञावली तेथे होत्या त्यांचा परवाना क्षणभरही बदलला नव्हता. जीपीएल होता तो जीपीएलच राहिला. पण स्वतःच्याच लेखनाच्या खासगी साठ्यापर्यंत पोचायची काहींची वाट तुटली. जानेवारी २०२१ मध्ये गिटहबने अमेरिकी अर्थखात्याकडून इराणसाठी खास मंजुरी मिळवली, तेव्हा तेथील विकासकांना पूर्ण सेवा परत मिळाली. फेडोरा या वितरणाच्या संकेतस्थळावरही अनेक वर्षे अमेरिकी निर्यात कायद्याच्या अटी झळकत, कारण तिची पाठराखण करणारी रेड हॅट ही अमेरिकी कंपनी. याच कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी देवनागरीसह भारतीय लिप्यांचे ‘लोहित’ हे अक्षरसंच सांभाळले आणि आज ते असंख्य संगणकांवर आहेत. पुण्यात घडवलेले मराठी अक्षर अमेरिकी अटींच्या दारातून बाहेर पडत होते, याकडे तेव्हा कोणाचे लक्ष गेले नाही.

मे २०१९ मध्ये हुआवेई या चिनी कंपनीला अमेरिकेने निर्बंधित यादीत टाकले, तेव्हा मुक्त आणि बंदिस्त यांतला फरक साऱ्या जगाने पाहिला. अँड्रॉइडचा मुक्त गाभा हुआवेईला वापरता येत राहिला; गुगलचे नकाशे, टपाल व दुकान हे बंदिस्त थर मात्र नव्या फोनांना मिळेनासे झाले. भारतात या घटनेकडे चीन-अमेरिका भांडण म्हणून दुरून पाहिले गेले.

तसे दुरून पाहण्याची सोय जुलै २०२५ मध्ये संपली. रशियाच्या रोझनेफ्टचा ४९.१३ टक्के वाटा असलेली नायरा एनर्जी ही भारतात नोंदलेली कंपनी. गुजरातेत वाडीनार येथे तिचा वर्षाला दोन कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे, देशाच्या एकूण क्षमतेच्या सुमारे आठ टक्के. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवरही तिचे पंप दिसतात. युरोपीय संघाने १८ जुलैला तिच्यावर निर्बंध घातले. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या टपाल व इतर सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांना आपलीच पत्रे आणि आपल्याच कंपनीची माहिती उघडता येईना. भारतीय कायद्याने कोणताही गुन्हा झालेला नव्हता, भारत सरकारने असे एकतर्फी निर्बंध मानत नसल्याचे स्पष्ट केले होते, सेवेचे पैसे दिलेले होते. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर ३० जुलैच्या सुमारास सेवा पूर्ववत झाली. एका अमेरिकी कंपनीने युरोपच्या कायद्यासाठी भारतातील तेलकंपनीचा दरवाजा लावला, आणि ज्या साधनाने तो लावला ते साधन म्हणजे सेवा-करार.

या प्रकरणाचे पडसाद लांबवर उमटले. परदेशी सेवांऐवजी देशी पर्याय वापरण्याचा आग्रह त्या वर्षी वाढला. केंद्रीय मंत्र्यांनी झोहो या तमिळनाडूतील कंपनीच्या साधनांकडे वळत असल्याचे जाहीर केले आणि केंद्र सरकारच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांचे टपाल झोहोच्या व्यवस्थेवर हलवण्यात आल्याच्या बातम्या आल्या. स्वदेशीची ही ओढ समजण्याजोगी आहे. मात्र तिच्यात एक गल्लत होते आहे. झोहो भारतीय आहे, मुक्त नाही. त्यामुळे किल्ली परदेशी हातातून देशी हातात येईल हे खरे. पण ग्राहकाच्या हाती येणार नाही. नायराच्या संगणककक्षात टपालाची मुक्त प्रणाली स्वतःच्या यंत्रावर चालत असती, तर युरोपच्या निर्बंधांनी ती बंद पडली नसती, कारण तिचा परवाना कोणाच्याही मर्जीने परत घेता येत नाही. तिची देखभाल कोण करणार हा प्रश्न उरला असता, आणि तो लहान नाही.

तो किती मोठा आहे हे ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सच्याच अंगणात दिसले. गाभ्याच्या कोणत्या भागाची जबाबदारी कोणाकडे, याची एक यादी असते. त्या यादीतून रशियाशी संबंधित सुमारे डझनभर देखभालकर्त्यांची नावे एका छोट्या दुरुस्तीने उडवण्यात आली. कारण दिले ते केवळ ‘विविध अनुपालन आवश्यकता’ अशा अर्थाचे, तीन शब्दांत. ओरड झाली तेव्हा टोरवाल्ड्स यांनी निर्णयाचे समर्थन केले आणि आपण फिनलंडचे आहोत, रशियन आक्रमणाला पाठिंबा देऊ अशी अपेक्षा करू नका, असेही सुनावले. पुढे खुलासा झाला की, अमेरिकी निर्बंध यादीतील कंपन्यांसाठी काम करणाऱ्यांशी सहकार्य करण्यावर कायद्याने मर्यादा येतात. लिनक्स फाउंडेशन ही अमेरिकेत नोंदलेली संस्था आहे आणि तिच्या वकिलांना दुसरा पर्याय नसावा.

येथे परवान्याचे तत्त्वज्ञान आपल्या मर्यादेला टेकते. त्या रशियन अभियंत्यांचा लिनक्स वापरण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा हक्क तसूभरही कमी झाला नाही. त्यांनी पूर्वी लिहिलेले सर्वांच्या संगणकांवर तसेच चालू आहे. पण एकत्र बसून काम करण्याच्या ओट्यावरील त्यांची जागा गेली. मुक्त परवाना प्रतीचा हक्क देतो, ओट्यावरच्या जागेचा देत नाही. आणि दहा-पंधरा वर्षे निष्ठेने सांभाळलेला भाग सोडून जाताना माणसाला परवान्यातील कलमांचे सांत्वन पुरत नाही. निर्णय कायदेशीर असेलही. ज्या तुसडेपणाने आणि स्पष्टीकरणाविना तो राबवला गेला, त्याचे समर्थन करणे मात्र कठीण आहे.

भारताला ही भाषा नवी नाही, निदान पुण्याला तरी नाही. ऐंशीच्या दशकात भारताला हवा तेवढा शक्तिशाली क्रे महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला. हवामानखात्यासाठी एक कमी क्षमतेचा संगणक अटींसह दिला गेला. त्यातून १९८८ मध्ये सी-डॅक जन्माला आली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तीन वर्षांत परम उभा राहिला. ही कथा मराठी माणूस अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. तिच्यातील एक तपशील मात्र सहसा गळतो. परम ८००० ज्या ट्रान्सप्युटर चिपांवर चालत होता त्या ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीच्या होत्या. संपूर्ण स्वावलंबन तेव्हाही नव्हते. एका देशाने लावलेले दार टाळून दुसऱ्या देशाच्या उघड्या दाराने सामग्री आणण्याचे आणि तिच्यावर स्वतःचे कौशल्य चढवण्याचे ते यश होते. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने सुमारे दोनशे भारतीय संस्थांना निर्बंध यादीत टाकले, तेव्हा हा अनुभव कामी आला. आजचे परम मालिकेतील संगणक लिनक्सवर चालतात. प्रणालीसाठी आता कोणाची परवानगी मागावी लागत नाही. चिपांसाठी मागावी लागते.

चिपांच्या बाबतीतही तोच प्रयोग सुरू आहे. आरआयएससी-व्ही ही संगणकाच्या प्रक्रियकाची खुली आज्ञा-प्रमाणके आहेत. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रक्रियक त्यांवर बेतलेले आहेत. ही प्रमाणके सांभाळणारी संस्था मूळची अमेरिकेतील. सदस्यांमधील भूराजकीय चिंता लक्षात घेऊन तिने २०२० मध्ये आपली नोंदणी स्वित्झर्लंडला हलवली. परवाना पुरेसा नसतो, संस्था कोठे बसते हेही पाहावे लागते, हा धडा तिने लिनक्सच्या आधी घेतला. तरी २०२३ मध्ये काही अमेरिकी लोकप्रतिनिधींनी या खुल्या तंत्रज्ञानातील चीनशी सहकार्यावरही नियंत्रण आणावे, अशी मागणी केलीच. जानेवारी २०२५ मध्ये बायडेन प्रशासनाने कृत्रिम बुद्धिमत्तेसंबंधी जे निर्यात नियम जाहीर केले, त्यांत भारताला निकटच्या मित्रांच्या यादीबाहेर ठेवले होते; मात्र ज्यांची भारमूल्ये सर्वांसाठी खुली आहेत अशी प्रारूपे त्या नियमांतून वगळली होती. मे महिन्यात ट्रम्प प्रशासनाने ते नियमच मागे घेतले. वगळणुकीचे तत्त्व १९९६ नंतर झगडून मिळवलेलेच होते: जे सर्वांना दिले आहे ते निर्यात केले असे म्हणता येत नाही.

भारत केवळ या नियमांचा बळी आहे, असेही चित्र रंगवणे योग्य नाही. डिसेंबर २०१७ मध्ये भारत वासेनार व्यवस्थेचा सदस्य झाला आणि दुहेरी वापराच्या वस्तूंची आपली ‘स्कोमेट’ यादी त्याने तिच्याशी जुळवून घेतली. त्या यादीत माहितीसुरक्षेचे, म्हणजे कूटलेखनाचे प्रकरण आहे. म्हणजे पुणे वा बंगळुरूच्या कंपनीने तयार केलेल्या बंदिस्त सुरक्षा आज्ञावलीला विदेश व्यापार महासंचालनालयाची परवानगी लागू शकते. सर्वसंहारक शस्त्रांविषयीच्या २००५ च्या भारतीय कायद्यातील तंत्रज्ञानाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरमध्ये सामावलेली माहितीही धरली आहे. सार्वजनिक झालेली माहिती मात्र तिच्यातून वगळली आहे. या सुटीच्या आधारावर विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थी आपली आज्ञावली निर्धास्तपणे जगापुढे ठेवू शकतो. अडचण येते ती मधल्या पायरीवर. आज्ञावली अजून प्रसिद्ध झालेली नाही, परदेशी सहकाऱ्याला खासगीत पाठवून तपासून घ्यायची आहे. ती तेव्हा सार्वजनिक माहिती ठरते काय? अमेरिकेत या प्रश्नाचा कीस न्यायालयांत आणि नियमांत निघाला. येथे तो मोठ्या कंपन्यांच्या विधी विभागांपुरता राहिला आहे आणि एकट्यादुकट्या विकासकाला समजेल असे मराठीत सोडाच, सोप्या इंग्रजीतही स्पष्टीकरण शासनाने दिले तर उपकार होतील.

राहता राहिला नांदेडच्या न्यायालयातील संगणक. उबुंटूची जी प्रत त्यावर बसली आहे ती कोणी परत मागू शकत नाही, तिला कालमर्यादा नाही आणि तिच्या परवान्यात कोणत्याही देशाचे नाव नाही. तिच्या प्रती ठेवणारे भारतीय शिक्षणसंस्थांचे साठेही देशात आहेत. सी-डॅकने २००७ पासून डेबियनवर आधारलेले ‘बॉस’ हे देशी वितरणही चालवले आहे. पण या सर्वांना लागणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या दर आठवड्याला जगाच्या ज्या ओट्यावर तयार होतात, तेथे बसलेल्या भारतीयांपैकी पुष्कळजण परदेशी कंपन्यांचे पगारदार आहेत. लिनक्सच्या देखभालकर्त्यांच्या त्या यादीत भारतीय नावे आहेत. भारत सरकारच्या वा एखाद्या राज्याच्या वेतनावर ते काम करणारे त्यांत क्वचितच सापडतात. ई-न्यायालय प्रकल्पाचा तिसरा टप्पा २०२३ मध्ये मंजूर झाला, सात हजार कोटींहून अधिक रुपयांचा. त्यात संगणक आहेत, कागदपत्रांचे अंकीकरण आहे, दूरदृश्य सुनावणीची दालने आहेत. ज्या प्रणालीवर हे सारे चालायचे, तिच्या दुरुस्तीसाठी माणसे नेमण्याची तरतूद हा त्यातील चर्चेचा विषय कधी झाला नाही.